एका फटक्यात पडलेला राक्षस

मला स्वस्तातले राक्षसपट आवडतात आणि त्यावरून कुणी हसलं तर मी भांडतो. सुरतेच्या मराठी शाळेत मी चित्रकला शिकवायचो. बाकीचे शिक्षक रविवारी नाट्यसंगीत ऐकत, मी सकाळच्या खेळाला जाऊन रबराची पाल पुठ्ठ्याचं शहर तुडवताना बघत असे. पालीच्या पाठीवरची चेन दिसायची. विमानाला बांधलेला दोरा दिसायचा. नायिका सपाट जमिनीवर अडखळून पडायची म्हणजे पडायचीच. हे सगळं मला मान्य आहे. पण महागड्या सिनेमात आपण पैसा बघतो आणि स्वस्तातल्या सिनेमात माणूस बघतो, असं माझं ठाम मत होतं. त्या रबराच्या आत कुणीतरी घामानं निथळत उभा असतो, त्याला धड दिसत नसतं, श्वास घेता येत नसतो, तरी तो गुरगुरतो. पैसे नाहीत म्हणून राक्षस अंधारात ठेवावा लागतो, आणि अंधारात ठेवला म्हणूनच त्याची भीती वाटते. हे मी शिक्षकांच्या खोलीत तावातावानं सांगायचो.

१९७३ नंतर सांगणं बंद केलं. त्या वर्षी राक्षसाच्या आतला माणूस माझ्या ओळखीचा होता. त्याचं नाव निंबा.

निंबा मूळचा साक्रीकडचा. चौसष्ट साली सुरतेत आला आणि उधन्याच्या एका खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, चार माग चालवायला लागला. सहा फूट उंच, खांदे दाराला घासतील असे, आवाज मात्र इतका मऊ की मागांच्या खडखडाटात तो कुणाशी बोलत असेल तर कसा, हा मला प्रश्नच पडे. त्याची मुलगी उज्ज्वला माझ्या वर्गात होती. पालकसभेला आला तेव्हा भिंतीवर मुलांनी केलेले कागदाचे मुखवटे टांगलेले होते. सभा संपली, पालक गेले, हा तिथंच उभा.

"मास्तर," तो म्हणाला, "राक्षसना डोया आशे खाले नही ऱ्हातस. राक्षस कोणासमोर खाले देखस नही."

राक्षसाच्या डोळ्यांबद्दल इतक्या अधिकारानं बोलणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. मी त्याला बसवून घेतलं. मग कळलं की त्यांच्या गावात दर चैत्रात भोवाडा होतो. देवदेवतांचे, राक्षसांचे मोठाले लाकडी मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. प्रत्येक मुखवट्याचा मान एकेका घराकडे असतो, आणि म्हैसासुराचा मान निंबाच्या घराकडे होता. देवीनं तलवारीनं वार करायचे आणि म्हैसासुरानं ते झेलत नाचायचं. संबळ थांबला की पडायचं, त्याच्या आधी नाही. कितीही लागो, दम लागो, संबळ वाजतोय तोवर राक्षस उभा.

बासष्ट साली निंबाचा बाप आधी पडला. अंगात ताप होता, गुडघे वळले. संबळ वाजतच होता. गावानं त्याला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. चार म्हाताऱ्यांनी पुढं होऊन, तो जमिनीवर असतानाच, त्याच्या तोंडावरचा मुखवटा सोडवला आणि शेजारच्या दगाच्या घरी नेऊन ठेवला. बाप त्यानंतर दोन वर्षं जगला, पण पारावर कधी बसला नाही. तो गेला आणि निंबानं गाव सोडलं.

"एकदा माले उभं ऱ्हावानं शे," निंबा म्हणाला. "सगयासना समोर. संबय थांबे तोवर."

बाकी त्याला आयुष्यात काही नको होतं असं मी म्हणणार नाही. पण एवढं हवं होतं, आणि ते हवं असण्यात त्याचा जीव अडकला होता.

म्हणून नटुभाई माझ्याकडे आले तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं नाव निंबाचं आलं. नटुभाई जरीचे व्यापारी. त्यांना सिनेमा काढायची हौस आली होती आणि तीही राक्षसाच्या सिनेमाची. मुंबईहून भाड्याचा कॅमेरा, भाड्याचा कॅमेरामन, कुणाच्या तरी सिनेमातून उरलेली जुनी फिल्म आणि राक्षस बनवायला मी. मी हरखून गेलो, आणि राक्षसाच्या आत शिरायला निंबाही लगेच तयार झाला. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. गोणपाटाचा अंगरखा शिवला, आत मागावरचा सुताचा कचरा भरला, तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून दोनशे खवले केले आणि तारेनं पाठीवर ओवले. डोकं कागदाच्या लगद्याचं. डोळे समोर बघणारे केले, निंबाच्या सांगण्याप्रमाणे. उजवा हात उचलताना आखडतो म्हणाला, म्हणून त्या खांद्यावरचं सूत मी काढून टाकलं. खवल्यांच्या कडा घासून बोथट कराव्यात हे मात्र मला सुचलं नाही. कॅमेऱ्यात चकाकल्या म्हणजे झालं.

"सिनेमा आपल्या तिकडं धुळ्या-साक्रीपर्यंत जाईल का?" त्यानं मला तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा हो म्हणालो.

शेवटचा प्रसंग इच्छापोरच्या पुढं, वेड्या बाभळीच्या झुडपांनी भरलेल्या खाऱ्या जमिनीवर घ्यायचा होता. गावकरी मशाली आणि काठ्या घेऊन राक्षसाला ठार करतात, असा. रात्रीचं चित्रण परवडत नव्हतं, म्हणून भर दुपारी भिंगावर निळी काच लावून रात्र करायची. गावकरी म्हणून निंबाच्या खात्यातले पंचवीस-तीस खानदेशी कामगार आणले. आठवड्याच्या सुट्टीचा दिवस होता. बायका भाकऱ्या बांधून आल्या होत्या, त्यांच्यातल्याच भटूनं संबळ आणला होता. निंबाची बायको सुभद्राबाईही आली होती, पण ती सुरुवातीपासून धुसफुसत होती. नवऱ्याला गोणपाटात शिवून घेताना पाहून तिनं मला ऐकवलंच. "मास्तर, तुमी भनेल-सवरेल मानूस. तुमनं हाई काय चालू शे?"

मी हसण्यावारी नेलं.

नटुभाईंनी काठ्यांऐवजी बारडोलीकडून ऊस मागवले होते, काळा रंग लावून. लागायला नको म्हणून. सकाळी उजेड तपासायला कॅमेरामननं थोडी फिल्म चालवली. कामगारांतल्या सुकलालनं पुढं होऊन राक्षसाच्या डोक्यावर ऊस हाणला. उसाचे दोन तुकडे झाले, आतला पांढरा गर लखलख दिसला, आणि निंबा सांगितल्याप्रमाणे लगेच आडवा पडला. संबळ नव्हता, नियम नव्हता, पडायला त्याची काही हरकत नव्हती. लोक खो खो हसले. सुकलालनं उरलेला ऊस तिथंच सोलून खाल्ला.

नटुभाई भडकले. सावलीसाठी घातलेल्या मंडपाचे बांबू सोडवून आणायला लावले. बांबूनं मारायचं, पण जपून. आता जपून म्हटल्यावर ती माणसं रोज शेजारच्या मागावर उभ्या राहणाऱ्या निंबाला बांबूनं नुसतं गोंजारायला लागली. कुणी हसतंय, कुणी लाजतंय.

"अरे, आ तो गरबा रमे छे!" नटुभाई डोक्याला हात लावून ओरडले.

इथं मी तोंड उघडलं. गप्प बसलो असतो तर सिनेमा वाईट झाला असता, एवढंच. मी म्हणालो, "भटूला संबळ वाजवायला सांगा. ही माणसं भोवाड्यात वाढलेली आहेत. संबळ ऐकला की यांना वेगळं सांगावं लागणार नाही."

आवाज नंतर भरायचा होता, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. मी निंबाजवळ गेलो आणि मुखवट्याच्या तोंडाला तोंड लावून विचारलं, "कधी पडायचं ठाऊक आहे ना?"

"ठाऊक शे, मास्तर. संबय थांबना का पडसू."

मग भटूकडं गेलो. भटू पांझरा नदीच्या पलीकडच्या गावचा. तिथंही भोवाडा होतो. "कधी थांबायचं ठाऊक आहे ना?"

"त्यामा काय इचारनं? राक्षस पडना का थांबसू."

दोन्ही उत्तरं मी कानांनी ऐकली. दोन्ही मला बरोबर वाटली. निंबाच्या गावात राक्षस संबळाची वाट बघतो आणि भटूच्या गावात संबळ राक्षसाची, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. मी उत्साहानं परत येऊन कॅमेऱ्यामागं उभा राहिलो.

संबळ सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटात त्या माणसांचे चेहरे पालटले. पहिला बांबू पाठीवर बसला तो खरा बसला. निंबा गर्रकन फिरला, दोन्ही हात वर करून नाचायला लागला आणि त्याच्या घशातून असा आवाज निघाला की माझ्या अंगावर काटा आला. दुसरा बांबू, तिसरा, दहावा. पत्र्याचे खवले उडायला लागले. माणसं गोल धरून नाचत होती आणि नाचता नाचता हाणत होती. दोघांच्या अंगात आलं. सुकलाल डोळे पांढरे करून, दोन्ही हातांनी धान बडवावं तसा मारत होता. बारा बारा तास मागापुढं उभं राहून, मुकादमाच्या शिव्या खाऊन त्यांच्या आत काय साठलं होतं ते त्यांनाच ठाऊक. ते सगळं त्या गोणपाटावर निघालं.

"चालु राखो! चालु राखो!" नटुभाई आनंदानं किंचाळत होते.

एक बांबू उजव्या खांद्यावर बसला, जिथलं सूत मी काढलं होतं. कडकन आवाज आला. मला वाटलं बांबू मोडला. निंबाचा उजवा हात लोंबायला लागला. तो डावा वर करून नाचत राहिला. मुखवट्याचा जबडा फुटून पडला आणि आत निंबाची हनुवटी दिसली, लाल. भटूनं ते पाहिलं आणि राक्षस पडत नाही म्हणून चाल आणखी जलद केली. संबळ जलद झाला म्हणून मार जलद झाला. निंबा संबळ थांबायची वाट बघत होता. कॅमेऱ्यातली फिल्म चार मिनिटांत संपली, कॅमेरामननं हात वर केला, पण त्याच्याकडं बघतंय कोण? आणि मी काय करत होतो ते सांगतो, कारण ते न सांगता निंबाची गोष्ट सांगणं लबाडी होईल. मी बघत होतो. इतका चांगला राक्षस मी कुठल्याही पडद्यावर पाहिला नव्हता. तो माझ्या हातचा होता, आणि मी खूश होतो.

सुभद्राबाई गर्दीत घुसली नाही. गर्दीत घुसून उपयोग नाही हे तिला आम्हां सगळ्यांच्या आधी कळलं. उसाच्या भाऱ्याजवळ पडलेला कोयता तिनं उचलला, सरळ भटूकडं धावली आणि संबळाच्या कातड्यात घातला. एकदा, दोनदा. दुसऱ्या वेळी कोयता घसरून भटूच्या अंगठ्यावर गेला आणि त्याचं पेर उडालं. भटू किंचाळला. संबळ थांबला.

आणि निंबा पडला.

गोणपाट कापून त्याला बाहेर काढलं तेव्हा पाठीवर कातडं असं फारसं राहिलं नव्हतं. माझे खवले आत रुतले होते, काही तर दवाखान्यात चिमट्यानं काढावे लागले. तीन बरगड्या, समोरचे चार दात आणि खांदा. मारणारी माणसं बांबू टाकून तिथंच बसली होती. सुकलाल स्वतःच्या हातांकडं बघत हुंदके देत होता.

तिसऱ्या दिवशी निंबा शुद्धीवर आला. शेजारच्याच खाटेवर हाताला पट्टी बांधून भटू होता.

"मी कवय पडनू?" निंबानं पहिलं हेच विचारलं.

"संबय फुटना, मंग पडना तू," भटू रडत म्हणाला. "मी तुनी वाट देखत व्हतू, येड्या."

"आनि मी तुनी."

मग निंबा हसला, दात नसलेल्या तोंडानं. मी तोंड फिरवलं. सुभद्राबाई मात्र हसली नाही. तिनं दोघांना मिळून एकच शिवी दिली आणि मला एक वेगळी दिली. ती मी आजवर विसरलेलो नाही.

खांदा कायमचा गेला. उजवा हात छातीच्या वर जाईना. एका हातानं माग चालत नाही, म्हणून त्याला खात्याच्या दारावर बसवलं. पण निंबाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण सिनेमा यायचा होता. तो उभा राहिलेला सगळ्यांना दिसणार होता.

चौऱ्याहत्तरच्या सुरुवातीला सिनेमा लागला. निंबानं गावाकडून मुद्दाम दगाला बोलावून घेतलं. ज्याच्या घरी मुखवटा गेला तोच हा दगा. त्यानं बघितलं की गावानं बघितल्यासारखं. दुपारच्या खेळाला आम्ही सगळे गेलो, निंबा, सुभद्राबाई, उज्ज्वला, भटू, सुकलाल, मारणारे सगळे आणि मी. निंबानं नवा पांढरा सदरा घातला होता.

आता नटुभाईंना आधीच ठाऊक होतं आणि त्यांनी आम्हांला सांगितलं नव्हतं, ते असं. दुपारी वापरलेली ती जुनी, उरलेली फिल्म उन्हाळाभर कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत पडून खराब झाली होती. त्या चार मिनिटांवर नुसतं पांढरं धुकं आलं. पुन्हा चित्रण करायला ना राक्षस उरला होता ना पैसा. मग त्यांनी सकाळचा तो चाचणीचा तुकडा घेतला, तो दुसऱ्या डब्यातला होता म्हणून वाचला होता.

पडद्यावर निळी रात्र झाली. गावकरी आले. सुकलालनं राक्षसाच्या डोक्यावर ऊस हाणला, उसाचे दोन तुकडे झाले, आतला पांढरा गर दिसला आणि राक्षस आडवा झाला. वर मोठ्ठं संगीत. समाप्तीच्या आधी नायक-नायिका समुद्राकडं बघत उभे.

सगळं थिएटर हसलं. "शेरडी! शेरडी!" म्हणजे ऊस, ऊस, करून मागच्या रांगा ओरडल्या. हा हशा मला नवा नव्हता. असाच मी कितीतरी रविवारी रबराच्या पालीला हसलो होतो, आतल्या माणसावर प्रेम आहे असं सांगत.

दगा वाईट माणूस नव्हता. तो आपला सहज म्हणाला, "बापनागत पोऱ्याबी पडना."

निंबानं डाव्या हातानं त्याचा गळा धरला. खुर्च्या मोडल्या. दगाचं डोकं लोखंडी दांड्यावर आपटलं, रक्त आलं, दोघे रांगेमध्ये कोसळले. दगानं त्याच्या मोडक्या खांद्यावर गुडघा रोवला. सोडवायला गेलेल्या सुकलालच्या नाकावर कुणाचं तरी कोपर बसलं. दारावरची माणसं काठ्या घेऊन धावली. मी किंचाळत होतो, काय ते आठवत नाही.

सुभद्राबाईनं नवऱ्याला सदऱ्याच्या कॉलरला धरून उठवलं. ओढत मधल्या वाटेत नेलं, जिथं वरच्या खिडकीतून पडद्याकडं जाणारा उजेडाचा झोत येतो. त्याला पाठमोरं उभं केलं आणि नवा सदरा दोन्ही हातांनी टरकावला.

"हाई देखा!" ती ओरडली. "तो पिच्चर खोटा शे. हाई देखा! इतला मार खादा आनि उभा ऱ्हायना!"

त्या पाठीवर पत्र्याच्या प्रत्येक खवल्याची खूण होती. नायक-नायिका आणि समुद्र त्या व्रणांवरून सरकत होते. दारावरचा माणूस काठी खाली करून उभा राहिला. मग सुकलाल, नाकातून रक्त गळतंय तसाच, म्हणाला, "खांदावर मी मारं व्हतं. पडना नही तो." त्याच्यामागून आणखी एक बोलला, मग आणखी एक. ज्यानं जिथं मारलं होतं ते त्यानं सांगितलं. भटूनं अंगठ्याचं पेर नसलेला हात वर केला आणि सांगितलं की संबळ त्यानं थांबवलाच नव्हता, तो फोडावा लागला. दगा जमिनीवर बसून डोकं दाबून ऐकत होता. त्यानं उठून निंबाच्या अंगावर स्वतःचं उपरणं टाकलं आणि बाहेर गेला.

चैत्रात गावाहून निरोप आला. म्हैसासुराचा मान पुन्हा निंबाच्या घराकडं. मी आनंदानं शाळेत पेढे वाटले, कारण विचारल्यावर थापा मारल्या. निंबा, सुभद्राबाई, उज्ज्वला गावी गेले.

आठ दिवसांनी निंबा परत आला आणि स्टेशनवरून थेट माझ्या घरी. ओट्यावर बसला. मी घाईघाईनं विचारलं, "उभा राहिलास ना?"

"उभा ऱ्हायनू."

"मग?"

तो उजवा हात मांडीवर घेऊन सांगू लागला. मुखवटा दगानं स्वतः बांधला, म्हणाला. देवीनं तलवार अंगाला नुसती टेकवली, ती पण दुखऱ्या बाजूला नाही. संबळवाल्यानं चार फेऱ्या वाजवल्या आणि त्याच्याकडं बघून थांबला. दरवर्षी तास तास वाजतो तो संबळ. पडायचं होतं म्हणून हा पडला, तर चार माणसं धावत उचलायला आली.

"माले घाम बी नही फुटना व्हता, मास्तर," निंबा म्हणाला. "त्यास्नी मन्हावर दया करी."

इच्छापोरला एवढा मार खाल्ला तेव्हा तो रडला नव्हता. दवाखान्यात पाठीतून पत्रा ओढून काढताना रडला नव्हता. माझ्या ओट्यावर तो तोंड झाकून रडला, आणि मला त्याच्या पाठीवरून हात फिरवायचं धाडस झालं नाही.